'उंदरांवर सिद्ध' झालेलं लिव्हरचं औषध: नेमकं काय सिद्ध झालेलं असतं?

फुटाळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, मागच्या आठवड्यात घरात एक प्रसंग घडला आणि बसलेच लिहायला.

बाबांच्या सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघालं. वय ६३, आयुष्यात दारूचा थेंब नाही, पण पोट सुटलेलं आणि शुगर काठावर. डॉक्टरांनी सात-आठ किलो वजन उतरवा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर मामांनी एका लिव्हर टॉनिकची जाहिरात टाकली. 'उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध! ४ आठवड्यांत लिव्हर पूर्ववत!' बाबा म्हणाले, "तू एम.फार्मला हेच करायचीस ना? मग सांग, घेऊ का मी हे?"

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. दीड वर्ष नागपुरातल्या एका कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये याच आजारावर काम केलंय, तरी नाही. त्या रात्री बाबांना जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी आजार. लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब साठले की फॅटी लिव्हर म्हणतात. बऱ्याच जणांचं तिथेच थांबतं. काहींच्या लिव्हरला सूज येते, पेशी फुगतात, मग जखमेवर व्रण धरावा तसे तंतू धरू लागतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचं शेवटचं टोक म्हणजे सिरोसिस. दारू न पिणाऱ्यांमध्ये हुबेहूब दारुड्यासारखं लिव्हर दिसतं, हे १९८० साली लुडविग आणि सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमधून नोंदवलं (हे अमेरिकेतलं मेयो, आपल्या नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूजवळचं हॉस्पिटल नव्हे) आणि 'नॅश' हे नाव दिलं. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नावं बदलली. नवं नाव 'एमएएसएलडी', म्हणजे चयापचयाच्या बिघाडातून आलेला लिव्हरचा आजार.

माणसात हे सगळं व्हायला वीस-तीस वर्षं जातात. औषध लागू पडतंय का ते पाहायला दर महिन्याला कुणाच्या लिव्हरचा तुकडा काढता येत नाही. म्हणून प्राणी. पण उंदराला सहसा आपणहून हा आजार होत नाही, तो घडवावा लागतो. असा आजार घडवलेल्या प्राण्याला 'मॉडेल' म्हणतात. कसा घडवला, यावरच पुढचं सगळं ठरतं.

पहिली तऱ्हा: आहारातून मेथिओनिन आणि कोलिन ही दोन पोषकद्रव्यं काढून टाकायची. लिव्हर चरबीची पुडकी बांधून रक्तात रवाना करत असतं. त्या पुडक्यांच्या वेष्टनासाठी कोलिन लागतं. कळमन्याच्या बाजारात तूर येऊन पडावी आणि बारदानाच नसावा, तसं होतं. माल आहे, पोती नाहीत, गोदाम तुंबलं. दोन-चार आठवड्यांत लिव्हर चरबीने भरतं, सूज येते, पुढे तंतूही धरतात. प्रयोग करणाऱ्याला झटपट निकाल मिळतो. पण तो उंदीर वाळतो. वजन पाव-तृतीयांश घटतं. ना लठ्ठपणा, ना शुगर. माझ्या बाबांच्या शरीरात जे चाललंय त्याच्या अगदी उलट! या उंदरावर गुण आलेल्या औषधाने सूज किंवा तंतू कमी केले असतील, ते मोलाचंच आहे. बाबांच्या इन्सुलिनचं ते काय करेल, ते मात्र या उंदराला विचारून उपयोग नाही.

दुसरी तऱ्हा: ६० टक्के कॅलरी चरबीतून येतील असा आहार. उंदीर गलेलठ्ठ होतो, इन्सुलिनला दाद देईनासा होतो, लिव्हरमध्ये चरबी साठते. माणसासारखंच. पण महिनोन्‌महिने खाऊ घातलं तरी फायब्रोसिस जेमतेम. आणि माणसाचं पुढे काय होणार हे फायब्रोसिसवरच ठरतं.

तिसरी: चरबी, फ्रुक्टोज आणि २ टक्के कोलेस्टेरॉल, तिन्ही एकत्र. लठ्ठपणा येतो, सूज येते, तंतूही येतात. यात आधी ट्रान्स फॅट वापरायचे. अमेरिकेत खाद्यपदार्थांतून ट्रान्स फॅट हद्दपार झालं तेव्हा प्रयोगशाळांनी पाम तेल घेतलं. माणसाच्या जवळ जाणारं हे मॉडेल आहे, पण सहा-सात महिने लागतात, कधी त्याहून जास्त. एम.फार्मच्या विद्यार्थ्याकडे प्रयोगाला सगळे मिळून आठ-नऊ महिने. त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी, प्राणी मिळणं, थिसिस लिहिणं. मग कोण काय निवडणार, तुम्हीच सांगा.

आणि चौथी, जी कितीतरी फार्मसी कॉलेजांत चालते: कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलचा भला मोठा डोस. हे सरळ विष. रॅटला आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा, मग विष द्यायचं, मग रक्तातलं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) मोजायचं. अर्क पाजलेल्यांचं कमी वाढलं, की लिहायचं 'यकृतरक्षक'. प्रयोग खोटा नसतो. पण त्यात औषध आधी दिलंय, आणि इजा विषाने केलीय. वीस वर्षांच्या समोसा-चहाने, बैठ्या नोकरीने आणि शुगरने झालेली इजा ती नव्हे. ४ आठवड्यांत 'पूर्ववत' होणारं लिव्हर वाचलं की मला आधी हाच प्रयोग आठवतो.

मामांच्या जाहिरातीत प्राणी कोणता, त्याला काय देऊन आजार घडवला, औषध आधी की नंतर, शेवटी काय मोजलं, यातलं काही नव्हतं. मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर. एक २५-३० ग्रॅमचा, दुसरा पाव किलोचा. माऊसला पित्ताशय असतं, रॅटला नसतंच! 'उंदरांवर सिद्ध' या दोन शब्दांखाली इतकं काही दडून जातं.

बाबांना म्हटलं, या चार प्रश्नांची उत्तरं कंपनीकडून आणा, मग सांगते. तोवर चालायला चला.

तुमच्याकडेही अशा जाहिराती आल्या असतील, तर इथे लिहा. आणि यातलं कुणी जाणकार असेल तर माझं चुकलेलं नक्की सांगा.

---

सावजीप्रेमी

ताई, लय छान समजावलं. मी स्वतः ग्रेड १ वाला आहो, वय ४१. बारदान्याचं उदाहरण लगेच डोक्यात बसलं, आमचं दुकानच कळमन्यात आहे.

दोन गोष्टी विचारतो. एक, माझं एसजीपीटी नॉर्मल आलं, म्हणजे मी सुटलो का? दुसरं, तुमच्या लॅबमध्ये उंदरायले आपल्यासारखं खायला देत का कोणी? तर्री पोहे, समोसा, रात्री उशिरा सावजी. ते मॉडेल काहून नाही करत?

---

फुटाळाकाठ

@सावजीप्रेमी दादा, एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हरमध्ये चरबी, इतकंच काय फायब्रोसिसही असू शकतो. त्या एका आकड्यावर निश्चिंत होऊ नका. वय, प्लेटलेट, एसजीओटी आणि एसजीपीटी यांवरून 'फिब-४' नावाचा हिशेब डॉक्टर करतात, गरज वाटली तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी) सांगतात. पुढच्या भेटीत विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. बाहेरून मागवलेला तयार आहार परवडत नाही, म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांत वनस्पती तूप आणि खोबरेल तेल ३:१ मिसळून रॅटला रोज तोंडावाटे पाजतात, आणि पिण्याच्या पाण्यात फ्रुक्टोज. मीही तेच केलं. थंडीत ते मिश्रण गोठायचं. सकाळी सातला बीकर कोमट पाण्यात धरून बसायचं, पातळ झालं की सिरिंजमध्ये घ्यायचं. आपल्या तळणाच्या आणि साखरेच्या खाण्याच्या हे बरंच जवळ जातं. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजच असतो, आणि तो मुख्यतः लिव्हरमध्येच जिरतो.

तरी फरक उरतोच. उंदराच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, आपल्या रक्तात एलडीएलमध्ये जास्त. त्यांची पित्ताम्लंही वेगळी. आणि पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची, स्वतःची लेंडी खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या आतड्यातले जंतू सारखे होत जातात. चार उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले की ते चार वेगळे नमुने म्हणायचे का, यावर मी आणि माझे गाईड पुष्कळ वाद घालायचो.

---

सूक्ष्मदर्शक

पॅथॉलॉजीवाला आहे, माझ्या टेबलावरून चार शब्द.

फॅटी लिव्हर हातात घेतलं की कळतं. निरोगी लिव्हर गडद तांबूस-तपकिरी, कडा धारदार. चरबीचं लिव्हर पिवळट, फुगीर, कडा बोथट, सुरीला तेलकट लागतं. फार चरबी असेल तर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये तरंगतो, बुडत नाही.

स्लाइडवर तुम्हाला चरबी दिसत नाही, तिची रिकामी जागा दिसते. पॅराफिनचा ब्लॉक करताना जे सॉल्व्हेंट वापरतो त्यात चरबी विरघळून जाते, मागे पांढरी गोल भोकं राहतात. खरी चरबी पाहायची तर ताजा तुकडा गोठवून कापावा लागतो आणि ऑइल रेड ओ नावाचा रंग लावावा लागतो. मग थेंब लालभडक दिसतात. विद्यार्थ्यांच्या थिसिसमध्ये 'भोकं कमी झाली, औषध गुणकारी' असं वाचतो तेव्हा वाटतं, अरे, सिरियस रेड लावून तंतू पाहिलेस का? फायब्रोसिस कमी झाला नसेल तर माणसाच्या दृष्टीने तू फारसं काही कमावलं नाहीस.

आणखी एक. माणसाच्या बायोप्सीत फुगलेल्या पेशी ही सूज ओळखण्याची मोठी खूण. उंदरात ती खूण क्वचितच स्पष्ट सापडते. माणसासाठी २००५ मध्ये केलेली गुणांची पद्धत उंदराच्या स्लाइडवर जशीच्या तशी लावली, की आकडे भरतात, अर्थ भरत नाही.

---

अबोली१२

+१ सूक्ष्मदर्शक सर. भोकांचं माहीत नव्हतं.

---

जुनी_शुक्रवारी

मी निवृत्त शिक्षिका. विज्ञान शिकवलं, बेडूकही फाडले त्या काळी. आज वाचताना एकच विचार मनात येत राहिला. जे मॉडेल माणसाच्या आजारासारखं नाहीच, त्यासाठी मुके जीव मारायचे कशाला? मुली, रागावू नकोस. तुझ्या लिहिण्यात तळमळ दिसली म्हणून तुलाच विचारते.

---

फुटाळाकाठ

काकू, रागावण्यासारखं काहीच नाही. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय, आणि एका मे महिन्यानंतर तो मनातून गेलेला नाही.

आमच्या अ‍ॅनिमल हाऊसला एसी होता. नियमाप्रमाणे तापमान १८ ते २९ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि सोमवारी सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर ४५. मी दार उघडलं तर गरम वाफ तोंडावर आली. रॅट पोटावर सपाट पडलेले, चारी पाय पसरलेले. रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही, तो लाळ अंगाला फासून थंड व्हायला बघतो. सगळ्यांची छाती, पोट ओलं होतं, धानाचं तूस अंगाला चिकटलेलं. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. तीन गेले होते. उरलेल्यांनी पुढे आठवडाभर नीट खाल्लं नाही, वजनं कोसळली. लठ्ठ गट आणि साधा गट यांत फरकच उरला नाही. २४ प्राणी, १० आठवड्यांचं काम.

समितीला कळवलं, पुन्हा मंजुरी काढली, पुन्हा २४. त्या दुसऱ्या २४ चं ओझं मला पहिल्यांपेक्षा जास्त वाटतं, कारण ते फक्त आमच्या हलगर्जीपणाने मारले गेले. त्यानंतर मी रविवारीही जाऊन दार उघडून बघायचे. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही.

कायदा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखाली १९९८ चे नियम. प्रत्येक संस्थेत समिती हवी, तीत सरकारने नेमलेला बाहेरचा सदस्य हवा, विज्ञानाबाहेरचा एक माणूसही हवा. आमच्या समितीतल्या त्या बाईंनी मला विचारलं होतं, "२४ च का? १८ का नाहीत?" मी अडखळले. गणित करून आणलं तेव्हाच सही मिळाली. असा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक समितीत असला पाहिजे.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: चुकीच्या प्रश्नासाठी मॉडेल वापरलं तर तो जीव खरंच वाया गेला. योग्य प्रश्नासाठी वापरलं तर जे दुसरीकडे कुठेच कळलं नसतं ते कळतं. एक उदाहरण देते.

२००८ मध्ये पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बदल सापडला. तो असलेल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त साठते. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, त्यामागच्या कारणांतही याचं नाव घेतात. सगळ्यांना वाटलं, जनुक बिघडलं म्हणजे त्याचं काम बंद पडलं असणार. मग उंदरात ते जनुक पूर्ण काढूनच टाकलं. काहीच झालं नाही! लिव्हर ठणठणीत. पुढे २०१५ मध्ये उंदरात माणसाचा तोच नेमका बदल घातला आणि साखरेचा आहार दिला, तेव्हा चरबी साठली. म्हणजे जनुक काम करत नाही म्हणून त्रास होत नव्हता. बिघडलेलं प्रथिन चरबीच्या थेंबांवर चिकटून साचतं, त्याचा त्रास होता. यातून औषधाची दिशाच फिरते. ते प्रथिन वाढवायचं नाही, कमी करायचं. माणसांच्या रक्ताचे हजार नमुने तपासूनही हे इतकं लख्ख कळलं नसतं.

---

सेमिनरीहिल्स

पशुवैद्यक आहे. ताईंचा मे महिन्याचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तापमानाला धरूनच एक सांगावंसं वाटतं.

माऊसला सुखाचं तापमान ३० अंशांच्या आसपास. जगभर प्रयोगशाळा त्यांना २०-२२ ला ठेवतात, कारण ते आपल्याला सुखाचं असतं. बिचारा उंदीर खाल्लेल्यातला मोठा भाग अंग गरम ठेवण्यात जाळतो. २०१७ मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी माऊस ३० अंशांवर ठेवून चरबीचा आहार दिला, तर लिव्हरचा आजार जास्त बळावला. एरवी मादी माऊसला हा आजार घडवणं अवघड, म्हणून सगळे नरच वापरतात. या तापमानात मादीलाही झाला. पिंजऱ्याच्या खोलीतल्या एसीचा आकडा पेपरात एका ओळीत लिहून मोकळे होतात लोक, आणि निकाल तिथेच फिरलेला असतो.

जुन्या शुक्रवारीच्या काकूंना आणखी एक. बदकं-हंसांना नळीने बळेबळे मका भरवून त्यांचं लिव्हर चरबीचं करतात आणि ते चैनीचं खाणं म्हणून विकतात, फ्वा ग्रा नावाने. भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली. त्यात तर कुणाचं औषधही सापडत नव्हतं.

---

अबोली१२

मी बायोटेकची विद्यार्थिनी. आता माणसाच्या पेशींपासून छोटे लिव्हरचे गोळे, ऑर्गनॉइड, वाढवतात, चिपवरही लिव्हर बनवतात. २०२३ मध्ये आपल्या औषध चाचणी नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी अशा पद्धतींनाही मान्यता मिळाली ना? मग सगळे तिकडे का जात नाहीत?

---

फुटाळाकाठ

@अबोली१२ हो, मार्च २०२३. अमेरिकेनेही २०२२ च्या डिसेंबरात कायदा बदलला. औषध पेशीला विषारी आहे का, चरबी साठते का, हे ऑर्गनॉइडवर छान कळतं, आणि पेशी माणसाच्या. पण फॅटी लिव्हर एकट्या लिव्हरचा आजार नाही गं. पोटाची चरबी, आतडं, स्वादुपिंड, मेंदूतली भूक, सगळी एकमेकांत गुंतलेली. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत आपोआप गलेलठ्ठ होणारा एक उंदीर सापडला होता. त्याच्यामुळे १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं, चरबीतून मेंदूला 'पोट भरलं' सांगणारं संप्रेरक. गंमत बघ, त्याच उंदराच्या लिव्हरमध्ये चरबी भरपूर, पण तंतू धरत नाहीत, कारण तंतू धरायलाही लेप्टिन लागतं! डिशमधल्या गोळ्याला ना भूक लागते, ना पोट सुटतं. दोन्ही पद्धती एकमेकींना धरून वापराव्या लागतील, आणि जिथे गोळ्यावर भागतं तिथे उंदीर घेऊ नये.

आणि प्राण्यांवर यशस्वी ठरलेली औषधं माणसात पडली, हेही लपवू नये. सेलॉनसर्टिब २०१९ मध्ये, एलाफिब्रॅनॉर २०२० मध्ये, दोन्ही मोठ्या चाचण्यांत फसली. याउलट रेसमेटिरॉमला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती माणसांच्या बायोप्सी पाहून. आपल्याकडे सॅरोग्लिटाझारला २०२० मध्येच या आजारासाठी मान्यता मिळालेली आहे.

---

सावजीप्रेमी

मग बाबांचं काय ठरलं ताई? टॉनिक घेतलं का?

---

फुटाळाकाठ

नाही घेतलं. सकाळी साडेपाचला अंबाझरी तलावावर चालायला जातात रोज. ८४ चे ८१.५ झालेत. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही उतरते, १० च्या वर गेलं तर तंतूही मागे हटू शकतात, हे माणसांच्याच बायोप्सींतून दिसलेलं आहे. बाबांना ते ८ किलोच्या हिशेबात सांगितलं, भिंतीवर लिहून ठेवलंय त्यांनी. पुढच्या महिन्यात फायब्रोस्कॅन. तुम्हीही निघा दादा, बाबांना सोबत होईल.

---

सूक्ष्मदर्शक

@फुटाळाकाठ, तुमच्या त्या दुसऱ्या २४ रॅटच्या लिव्हरचे पॅराफिन ब्लॉक आहेत का अजून? थिसिसमध्ये सिरियस रेड केलं होतं का?

---

फुटाळाकाठ

नव्हतं केलं सर. रंगाचे पैसे संपले होते, फक्त एच अँड ई, म्हणजे नेहमीचा साधा रंग, केलं. ब्लॉक आहेत, डिपार्टमेंटच्या कपाटात मिठाईच्या दोन डब्यांत ठेवलेत, वर गट लिहून. पाच वर्षं झाली.

---

सूक्ष्मदर्शक

पाच वर्षं म्हणजे काहीच नाही, ब्लॉक टिकतात. तुमच्या गाईडना विचारा आणि परवानगी मिळाली तर घेऊन या. पाच मायक्रॉनचे नवे काप काढू, रंग माझ्याकडे आहे. फायब्रोसिसचं उत्तर त्याच प्राण्यांकडून मिळेल, नवा एकही लागणार नाही.

---

फुटाळाकाठ

सर, खरंच? आत्ताच गाईडना मेसेज टाकला.

---

जुनी_शुक्रवारी

काय दिसलं ते इथे लिहिशील ना मुली?

---

फुटाळाकाठ

लिहीन काकू. गाईडचा होकार आला. मंगळवारी दुपारी दोन्ही डबे घेऊन जातेय.